मुंज होईपर्यंत गोळी बंद ठेवू का?

ताई, नमस्कार.

मी इंदूरला रामबागेजवळ भावाकडे राहते. वय ४३. मिस्टर २०१५ मध्ये गेले, तेव्हाच माझी तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. तेव्हापासून एमवाय हॉस्पिटलच्या सेंटरची एचआयव्हीची गोळी चालू आहे. आधी टीएलई होती, गेली काही वर्षं टीएलडी. एकही महिना चुकवलेला नाही. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या) कागदावर दर वेळी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतं. घरात हे फक्त भावाला माहीत आहे. मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आहे.

गेल्या महिन्यात पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी एका प्रायव्हेट हॉस्पिटलात रक्त दिलं. हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी टेस्ट पॉझिटिव्ह आली, लिव्हरचं एसजीपीटी ५२. तिथली सिस्टर चार लोकांसमोर म्हणाली, “मिस्टरांना जाऊन दहा वर्षं झाली ना, मग ही आता कुठून आली?” ताई, मला मान वर करता आली नाही. ऑपरेशनची तारीखही त्यांनी पुढे ढकलली.

ती रिपोर्ट वहिनीच्या हाती लागली. तिनं माझं ताट-वाटी-फुलपात्र वेगळं काढलं. वैशाखात भाच्याची मुंज आहे. ग्वाल्हेर-पुण्याचे पाहुणे आठ दिवस घरात असतील आणि वहिनीनं आताच सांगितलंय, स्वयंपाकघरात तुम्ही नका येऊ. आई म्हणते काविळीची माळ घाल. माळ देणाऱ्यानं पावडरही दिली आणि सांगितलं, लिव्हर सुजलंय, अंग्रेजी गरम गोळ्या आधी बंद करा. मलाही वाटायला लागलंय, घर पाहुण्यांनी भरलेलं, बाटली कुठे लपवणार? लोड तर निघतच नाही. मुंज होईपर्यंत वीसेक दिवस गोळी बंद ठेवली तर चालेल का?

– एक बहीण, इंदूर

*

बहिणी, नाही. वीस दिवस नाही आणि दोन दिवसही नाही. पुढचं पत्र सावकाश वाचा, पण आज रात्रीची गोळी घेऊन मग वाचा.

त्या सिस्टरच्या प्रश्नाला मी आधी उत्तर देते, कारण तो प्रश्न तुमच्या पत्रात सगळ्यात खोल रुतलेला दिसला. ‘ही आता कुठून आली?’ आता आलेली नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह याचा अर्थ हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं आवरण रक्तात सापडलं, एवढाच. ते कधी शिरलं याची तारीख त्या कागदावर नसते. हा विषाणू एचआयव्हीच्याच वाटांनी येतो: रक्त, शरीरसंबंध, बाळंतपणात आईकडून बाळाला. बाळपणी शिरला तर दहातल्या नऊ मुलांमध्ये तो कायमचा राहतो. मोठ्या माणसात शिरला तर शंभरातले पंच्याण्णव जण काही महिन्यांत त्याला आपल्या आपण बाहेर काढतात, पण एचआयव्ही असेल तर शरीराला ते तितकंसं जमत नाही आणि तो मुक्काम ठोकतो. म्हणजे तुमचा हा पाहुणा मिस्टरांच्या वेळचा असेल, नाहीतर तुमच्या जन्माच्या वेळचा. कुठला ते शोधत बसण्याची गरज नाही आणि कोणाला हिशेब देण्याची तर मुळीच नाही. ती सिस्टर रोज असे कागद हाताळते, तिला हे माहीत असायला हवं होतं. चार लोकांसमोर तिनं जे विचारलं ते चुकीचं होतं, विद्येच्या दृष्टीनं आणि माणुसकीच्याही.

आता गोळीकडे या. तुमच्या टीएलडीत तीन औषधं आहेत: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०. यातली पहिली दोन एचआयव्हीवर काम करतात आणि हिपॅटायटिस बीवरही करतात. हिपॅटायटिस बीसाठी ज्या मोजक्या गोळ्या जगभर देतात त्यांत टेनोफोव्हिर पहिल्या रांगेत आहे. तुमच्या आधीच्या टीएलईमध्येही हीच दोन होती. म्हणजे तुम्हाला पत्ता नसताना तुम्ही दहा वर्षं हिपॅटायटिस बीवरचं चांगल्यातलं चांगलं औषध रोज घेत आला आहात. एसजीपीटी ५२ वर थांबलंय, डोळे पिवळे नाहीत, पोटात पाणी नाही, याचं बरंचसं श्रेय त्या गोळीला आणि ती न चुकवणाऱ्या तुम्हाला आहे.

मग रिपोर्ट पॉझिटिव्ह का? कारण हा विषाणू लिव्हरच्या पेशीच्या गाभ्यात आपली एक मूळ प्रत ठेवून देतो. औषध त्या मूळ प्रतीवरून नव्या नकला निघू देत नाही, पण मूळ प्रत तिथेच राहते. तिच्यामुळे आवरणाचे तुकडे रक्तात येत राहतात आणि एचबीएसएजी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह दिसतं. औषध थांबलं की नकला पुन्हा सुरू होतात, आणि शरीर चवताळून त्या पेशींवर तुटून पडतं. त्या मारामारीत लिव्हर भाजून निघतं. एचआयव्हीचंही तेच. लोड ‘निघत नाही’ तो गोळी आत जाते म्हणून. गोळी बंद केल्यावर बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत तो परत रक्तात दिसतो. तुमचे ते वीस दिवस म्हणजे हेच आठवडे.

मी बरीच वर्षं एका सरकारी एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सेंटरमध्ये, काउन्सेलर होते. तिथे येणारा एक माणूस विसरता येत नाही. लोड नॉट डिटेक्टेड, तब्येत उत्तम, म्हणून सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत गावी गेला आणि गोळ्या थांबवल्या. तोही तुमच्यासारखाच, एचआयव्हीच्या जोडीला हिपॅटायटिस बी. तीन महिन्यांनी आला तो भावाच्या खांद्यावर हात टाकून. डोळे हळदीसारखे, बोलताना मध्येच शब्द हरवत होता. भावानं पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकण उघडून मोजल्या तर अठरा गोळ्या होत्या, आणि ओल धरू नये म्हणून घालतात ती पुडी तशीच आत. एसजीपीटी हजाराच्या वर गेलं होतं. तीन आठवडे वॉर्डात काढून तो वाचला. सगळेच वाचत नाहीत. प्रत्येकाला असं होतंच असं मी म्हणणार नाही, पण कोणाला होणार हे आधी ओळखण्याची सोय नाही.

म्हणून माझी तुम्हाला एकच मोठी विनंती आहे. एका वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘मला हिपॅटायटिस बी पण आहे. टेनोफोव्हिर विचारल्याशिवाय बंद करू नये.’ तो कागद सेंटरच्या पुस्तिकेत चिकटवा. गोळी बंद होण्याचा धोका फक्त माळवाल्याकडून नसतो, कधी कधी तो शिकलेल्या डॉक्टरच्या पेनातून येतो. उद्या क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलं आणि किडनीसाठी कोणी टेनोफोव्हिर काढून दुसरं काही लिहिलं, तर एचआयव्ही ताब्यात राहील आणि हिपॅटायटिस मोकाट सुटेल. अशा वेळी मार्ग आहेत. टेनोफोव्हिरचाच किडनीला सौम्य असलेला दुसरा प्रकार आहे, नाहीतर एआरटीच्या जोडीला एन्टेकॅव्हिर हे हिपॅटायटिस बीचं दुसरं औषध देता येतं. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला पूर्ण एआरटीशिवाय नुसतं एन्टेकॅव्हिर देऊन चालत नाही, त्यानं एचआयव्ही औषधाला दाद देईनासा होतो. नुसत्या लॅमिव्हुडिनवर राहिलं तर काही वर्षांत हिपॅटायटिसचा विषाणू त्याला जुमानत नाही. दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल ऐकून कोणी तुम्हाला ‘गोळीची कटकट संपेल’ म्हणालं, तरी लक्षात ठेवा, त्या इंजेक्शनात हिपॅटायटिस बीवर काहीच नाही.

‘गरम गोळ्यांनी लिव्हर जातं’ ही भीती मला समजते. तिला उत्तर म्हणून एक गोष्ट सांगते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कडक पडलेल्या, ९६ जणांना पाच वर्षं टेनोफोव्हिर देऊन पुन्हा लिव्हरचा तुकडा तपासला. त्यांतल्या ७१ जणांमध्ये सिरोसिस उरला नव्हता. त्या लोकांना एचआयव्ही नव्हता हे खरं, पण औषध तेच आहे. कडक झालेलं लिव्हर पुन्हा मऊ होऊ शकतं, हे आमच्या उमेदीच्या काळात कोणी सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

माळेचं काय करायचं? आईचं मन मोडू नका, हवी तर घाला. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे सैल गाठींत ओवलेले असतात. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सरकतात, दोरा लांबतो. डोक्यावरची माळ गळ्यात येते, गळ्यातली छातीवर, आणि आई म्हणते ‘बघ, कावीळ उतरली’. उन्हाळ्या-पावसाळ्यात दूषित पाण्यानं होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून माळेचं नाव होतं. तुम्हाला तर कावीळ झालेलीच नाही. माळ निरुपद्रवी आहे.

पावडर मात्र पोटात घेऊ नका. त्यात काय आहे हे देणाराही सांगणार नाही. अशा औषधांत मंडूर भस्म असतं ते लोहाचं, शंखभस्म म्हणजे मुळात कॅल्शियम, आणि लोह नि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरतं पोचत नाही. (ॲसिडिटीच्या पांढऱ्या औषधाचंही हेच. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. पित्ताच्या त्रासात तुम्ही ते घेत असाल म्हणून सांगितलं.) झाडपाल्याचं म्हणजे सुरक्षित, असंही नसतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

बाटली लपवण्याची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. एका खोलीत सहा गाद्या पडलेल्या असताना औषध घेणं काय असतं हे मला ठाऊक आहे. आठ दिवसांच्या आठ-दहा गोळ्या एका छोट्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत काढा आणि पर्समध्ये ठेवा. मूळ बाटली भावाच्या कपाटात राहू द्या, त्याला माहीत आहेच. टीएलडी जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही, म्हणजे वेळ तुमच्या सोयीची. पहाटे दात घासायला जाता तेव्हाची वेळ आठ दिवसांसाठी धरायची असेल तर सेंटरवर विचारून आत्तापासूनच ती लावून घ्या. कोणी विचारलंच तर ‘लिव्हरची गोळी आहे’ म्हणा. त्यात खोटं काहीच नाही.

आता वहिनी. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, पटतं का बघा. तुम्ही दोन्ही आजारांचं एकच गाठोडं करून छातीशी धरलंय. ते सोडून वेगळं करा. एचआयव्ही ही तुमची खाजगी गोष्ट आहे. वहिनीला ती कळून तिचा काही फायदा नाही, न कळून काही तोटा नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तुमच्या संमतीशिवाय ती गोष्ट कोणी उघड करू नये असं तो सांगतो. हिपॅटायटिस बीचं तसं नाही. ते वहिनीला कळलेलंच आहे, आणि कळून तिला एक चांगली गोष्ट करता येते: लस. एका घरात राहणाऱ्यांनी ती घ्यावी असंच डॉक्टर सांगतात. एचआयव्हीवर लस नाही, हिपॅटायटिस बीवर आहे आणि उत्तम आहे. तेव्हा तिच्यापासून तोंड लपवण्यापेक्षा दुपारी सगळे झोपलेले असताना तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “वहिनी, हा आजार जेवणातून, पाण्यातून, ताटातून पसरत नाही. रक्तातून पसरतो. माझं औषध चालू आहे. तुम्ही, दादा आणि मुलांनी तपासणी करून तीन इंजेक्शनं घेतली की तुम्हाला धोका उरणार नाही.” तिचा राग नसावा, भीती असावी, असं मला पत्रावरून वाटलं. दुष्ट बाई असती तर पाहुण्यांना सांगून मोकळी झाली असती.

ताट-वाटी वेगळी ठेवून काही साधत नाही. एकत्र जेवणं, मिठी मारणं, खोकला, एक संडास, पुरण वाटणं, कशानंही हा पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्रश, नेलकटर, ब्लेड, आणि घरात कोणाची साखर टोचून बघत असतील तर ती सुई. हा विषाणू एचआयव्हीपेक्षा चिवट आहे, सुकलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. तुमचं बोट कापलं तर पट्टी बांधा आणि सांडलेलं रक्त एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून पुसा. आणि वहिनीला मुंजीतल्या ज्या गोष्टीची काळजी खरंच करायला हवी ती वेगळीच आहे: बटूचा क्षौर. न्हावी एकाच वस्तऱ्यानं दोन-चार मुलांची डोकी करतो तेव्हा कोणाचं काय कोणाला लागेल सांगता येत नाही. प्रत्येक डोक्याला नवं ब्लेड, समोर कागद फाडून. भावाला सांगून ठेवा.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला त्याची काळजी जास्त आहे. त्याची एचआयव्ही टेस्ट झाली, हिपॅटायटिस बीची झाली का? सरकारी लसीकरणात ही लस टप्प्याटप्प्यानं आली, देशभर पोचायला २०११ उजाडलं. त्याचा जन्म त्याआधीचा. लसीचं जुनं कार्ड ट्रंकेत असेल तर शोधा. त्याची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (शरीरात संरक्षण तयार आहे का ते सांगणारी) अशी दोन्ही तपासणी करा. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर लगेच लस: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका, उपचाराची वाट तुम्हाला आता माहीत आहे. हे वाचणाऱ्यांत कोणी गरोदर असेल आणि तिला हिपॅटायटिस बी असेल, तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे. शक्य असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शनही. ही गोष्ट डिलिव्हरीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

सेंटरवर पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात जा आणि प्रायव्हेटची रिपोर्ट दाखवा. हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड वेगळा असतो, तो करायला सांगा. बरोबर प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि एकदा हिपॅटायटिस सी. सिरोसिस निघाला किंवा माहेरी कोणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल तर सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी लागेल. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधं सरकारी हॉस्पिटलांत मोफत आहेत, तेव्हा दवा बाजारात पैसे ओतण्याआधी तिथे विचारा. ऑपरेशन या रिपोर्टमुळे अडायला नको. प्रत्येक पेशंटच्या रक्ताला धोक्याचं समजूनच काम करायचं हा सर्जरीचा नेहमीचा नियम आहे. सर्जनला दोन्ही आजार स्वतः सांगा, आणि ऑपरेशनच्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते विचारून घ्या. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं त्याच २०१७ च्या कायद्यानं थेट बेकायदा आहे. तसं झालं तर सेंटरच्या काउन्सेलरकडून तक्रार लिहून घ्या. आणि रात्री-बेरात्री फार घाबरायला झालं तर १०९७ हा मोफत नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

तुम्ही एकट्या आहात असंही समजू नका. जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना हिपॅटायटिस बी आहे. तुमच्या सेंटरच्या बाकड्यावर शेजारी बसणारी कोणीतरी हेच पोटात ठेवून बसलेली असेल.

वहिनी तयार झाली तर पहिला डोस याच आठवड्यात घेऊ द्या. दुसरा मुंजीच्या सुमारास येईल, घाईत विसरायला नको. तिसरा दसरा-दिवाळीच्या आगेमागे. तिन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वहिनीलाच लिहू द्या.